ठिपके गेले म्हणजे आजार गेला का?

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा रागच आला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांदा तुम्ही उद्धृत केलेला एक आकडा नजरेत भरला आणि राग जागच्या जागी विरला. त्या आकड्याबद्दल आधी बोलते, बाकीच्या भांडणाचं नंतर बघू.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. खाऱ्या पाण्यातल्या आजारी माशावर क्वारंटाइनमध्ये उपचार कसे करायचे, यावर मी लिहिलं होतं. त्यावर यांचं म्हणणं असं: यांच्या टाकीत यलो टँग आणि क्लाऊनफिश, दोघांवर पांढरे ठिपके आले. टँगला माझ्या सांगण्याप्रमाणे रिकाम्या काचेच्या टाकीत हलवलं, कॉपर सल्फेट टाकून २ पीपीएमवर (पीपीएम म्हणजे पाण्याच्या दहा लाख भागांत इतके भाग) नेलं, दुसऱ्या सकाळी तो तळाशी आडवा. क्लाऊनफिश जाळ्यात सापडलाच नाही, म्हणून मोठ्या टाकीतच राहिला. त्याला लसूण लावलेलं खाणं घातलं आणि चार दिवसांत ठिपके गायब. तेव्हा क्वारंटाइन म्हणजे ‘दवाखान्याच्या नावाखाली माशाला कोठडीत टाकून विष पाजणं’, आणि मोठी टाकी ७२ दिवस माशांविना ठेवा हा सल्ला म्हणजे निव्वळ चेष्टा.

तर तो आकडा. मी लिहिलं होतं, ‘कॉपर २.० ते २.५ पीपीएमवर धरा.’ हे प्रमाण चिलेटेड कॉपरचं आहे. त्यात तांबं दुसऱ्या रेणूंनी धरून ठेवलेलं असतं, पाण्यात मोकळं फार थोडं असतं, म्हणून आकडा मोठा चालतो. कॉपर सल्फेटमध्ये तांबं मोकळंच असतं. तिथे उपचाराचं प्रमाण ०.१५ ते ०.२० पीपीएम, म्हणजे दहापटीहून कमी. मी कुठल्या प्रकारचं कॉपर ते लिहिलंच नव्हतं. मी स्वतः कैक वर्षं चिलेटेड वापरते, त्यामुळे ‘कॉपर’ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर एकच बाटली येते. वाचणाऱ्याच्या हातात दुसरी असू शकते, हे लिहिताना मनात आलं नाही. तुम्ही खरंच २ पीपीएम कॉपर सल्फेट दिलं असेल तर तुमचा टँग आजाराने गेला नाही, माझ्या अर्धवट वाक्यामुळे गेला. एवढ्या तांब्यात कल्ले होरपळतात. क्षार आणि अमोनिया यांची ने-आण करणारी यंत्रणाच बंद पडते. त्याबद्दल मनापासून माफी मागते. मूळ लेखातलं वाक्य आज बदललंय आणि वर ठळक अक्षरांत दुरुस्तीही टाकली आहे.

याला जोडून आणखी एक. डोस टाकीवर लिहिलेल्या लिटरवर काढू नका. ऐंशी लिटरच्या टाकीत वरची मोकळी जागा सोडली की पाणी सत्तरच्याही खाली भरतं. पाणी बादलीने मोजून भरा. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी साधं गोडं आरओ पाणी घाला, कारण बाष्प जातं, तांबं जात नाही. आणि पाणी बदलताना नव्या पाण्यात कॉपर आधी मिसळून मगच ते टाकीत ओता. चिलेटेडसुद्धा एका दमात २ वर न्यायचं नसतं, दोन दिवसांत हळूहळू चढवायचं. एंजल आणि रास यांच्यासारख्या नाजूक माशांना त्याहून सावकाश.

आता क्लाऊनफिश. इथे मात्र मी मागे हटणार नाही.

पांढरे ठिपके आणणारा हा क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स नावाचा एकपेशीय परजीवी. आपल्याला दिसतो तो ठिपका म्हणजे माशाच्या कातडीच्या वरच्या थराखाली शिरून पोट भरत बसलेला एकेक जीव. तो माशावर राहतो साधारण तीन ते सात दिवस. पोट भरलं की तो स्वतःहून मासा सोडतो, काही तास तळाशी सरपटतो, मग वाळूला किंवा खडकाला चिकटून कोष करतो. कोषाच्या आत त्याचे तुकडे होत जातात आणि एकेका कोषातून दोनशेपर्यंत पिल्लं बाहेर पडतात. त्यांच्या हातात दिवस-दोन दिवस असतात, तेवढ्यात मासा मिळाला नाही तर ती मरतात.

तुमचे चार दिवस या तीन ते सातात अगदी चपखल बसतात, बघा. लसूण नसता, नुसतं पाणी ढवळत बसला असतात, तरी ठिपके चौथ्या-पाचव्या दिवशी गेलेच असते. लसणाच्या वासाने रुसलेला मासा खायला लागतो, हे मीही पाहिलंय आणि त्यासाठी मी तो वापरतेही. पण कातडीखाली बसलेल्या परजीवीला त्याने काही होत नाही. मूळ टाकीत ठिपके गेल्याच्या दिवशी लोक निश्चिंत होतात, तेव्हा वाळूत पुढची फौज तयार होत असते. शिवाय परजीवी मासा सोडतो तो मुख्यतः अंधारात, आणि पिल्लं बाहेर पडतात पहाटेच्या सुमारास. मासे त्या वेळी खडकाच्या कपारीत स्वस्थ पडलेले असतात, म्हणजे कोषांच्या अगदी शेजारी. खुल्या समुद्रात एवढी पिल्लं इतक्या पाण्यात विखुरतात की बहुतेकांना मासाच मिळत नाही. काचेच्या पेटीत सगळ्यांनाच मिळतो.

यातूनच कॉपरचं वागणंही कळतं. कॉपर मारतं फक्त पोहणाऱ्या पिल्लांना. माशावरचा ठिपका आणि तळाचा कोष, दोन्ही त्याच्या आवाक्याबाहेर. म्हणून कॉपर सुरू केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठिपके वाढलेले दिसले तर औषध लागू पडत नाही असं समजून डोस चढवू नका. आत शिरलेले परजीवी मोठे होतायत, एवढाच त्याचा अर्थ. मासा त्याच टाकीत ठेवायचा असेल तर कॉपर तीस दिवस धरायचं, तेही मध्ये एक दिवसही प्रमाण खाली न जाऊ देता. गेलं तर मोजणी पहिल्यापासून.

तुमच्या बाजूचं एक सांगायला हवं. एकदा हा आजार अंगावर काढून वाचलेल्या माशात काही काळापुरती प्रतिकारशक्ती येते. १९९५ मध्ये म्युलेट माशांवरच्या प्रयोगांत ते दाखवलं गेलंय. तेव्हा तुमचा क्लाऊनफिश खरोखर सावरला असेलही. पण सावरलेल्या माशाच्या कल्ल्यांत थोडे परजीवी कुणाच्या लक्षात न येता राहू शकतात, आणि तुम्ही टँगच्या जागी नवा टँग आणलात की बिल तो भरतो. टँगांना हा आजार किती पटकन धरतो, ते तुम्हाला मी सांगायला नको.

‘कोठडी’ या शब्दावर मात्र मी बराच वेळ अडले. कारण माझ्याकडून क्वारंटाइनमध्ये मेलेला पहिला मासा औषधानेही मेला नव्हता आणि आजारानेही नाही.

तो फ्लेम एंजल होता. साठ लिटरची टाकी, कॉपर अगदी बरोबर, दिवसातून दोनदा मोजत होते. चौथ्या दिवशी सकाळी तो पृष्ठभागाशी तोंड लावून उभा. घड्याळ लावून कल्ल्यांची उघडझाप मोजली, अर्ध्या मिनिटात सत्तर. म्हणजे मिनिटाला एकशे चाळीस. मला वाटलं व्हेल्वेट, म्हणजे याहून झपाट्याने मारणारा दुसरा परजीवी आजार, असणार, कॉपर अजून थोडं चढवलं. संध्याकाळी सहज म्हणून अमोनियाची टेस्ट लावली. पिवळा राहायला हवा तो रंग नळीत थेंब पडता पडता हिरवा होत गेला, शेवाळासारखा गडद. अर्धं पाणी बदललं. सकाळपर्यंत तो नव्हता.

स्पंज फिल्टर मी डब्यातून काढून थेट लावला होता. त्यावर अमोनिया खाणारे जिवाणू नव्हतेच, आणि कॉपर असलेल्या पाण्यात ते वाढतातही रडतखडत. त्यातून खाऱ्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास. ७ पीएचच्या पाण्यात जेवढा अमोनिया निभावून जाईल, त्याचा विषारी भाग इथे दहापटीहून जास्त असतो. मी रोज औषध मोजत होते, पाणी मोजतच नव्हते. नवशिक्यांच्या क्वारंटाइनमध्ये मासे मरतात ते बहुतेक असेच मरतात, आणि दोष कॉपरच्या माथी जातो. आता माझा एक जादा स्पंज मोठ्या टाकीच्या संपमध्ये (पाणी गाळणाऱ्या जोडटाकीत) कायम पडलेला असतो, महिनाभर मुरलेला. तरीही पहिले दोन आठवडे अमोनिया रोज बघते. वाढलाच तर पाणी बदलते. अमोनिया ‘बांधणारी’ बाटली कॉपरच्या पाण्यात ओतू नका. त्यातल्या बऱ्याच बाटल्यांमधली द्रव्यं तांब्याचं रूप बदलून त्याला आणखी विषारी करतात.

बाकी कोठडीचं म्हणाल तर खडक आणि वाळू नाही, कारण दोन्ही चुन्याचे असतात आणि तांबं शोषून घेतात. मोजमापाचा पार बोऱ्या वाजतो. पण रिकामी टाकी म्हणजे उघडी टाकी नव्हे. पीव्हीसी पाइपचे रुंद तुकडे, तिन्ही बाजूंना काळा कागद, मंद दिवा, वर झाकण. वाळूत शिरून झोपणारा रास असेल तर एका वाडग्यात सिलिका वाळू. पाइपच्या तोंडात शेपटी आत आणि तोंड बाहेर करून बसलेला टँग दोन दिवसांत हातातलं खाणं ओळखायला लागतो. याउलट आजारी माशाला मोठ्या टाकीत पाठीमागे लागून रोज दामटवणारे सोबती असतात, त्याला मोकळीक म्हणणं मला जड जातं.

आणि विष नकोच असेल तर न वापरण्याची सोय आहे. गेल्या लेखात ती एका ओळीत उरकली, हीसुद्धा चूकच झाली. इस्रायलमधल्या एलात इथे अँजेलो कोलॉर्नी यांनी या परजीवीचं जीवनचक्र तपासून १९८७ मध्ये त्याच्या बंदोबस्ताचे मार्ग मांडले. टाकी बदलण्याची पद्धत त्याच चक्रावर बेतलेली आहे. कोष फुटायला निदान तीन दिवस लागतात ना, मग त्याआधी मासाच तिथून हलवायचा. दर बहात्तर तासांच्या आत मासा दुसऱ्या कोरड्या, स्वच्छ टाकीत, पूर्णपणे नव्या पाण्यात. अशा चार बदल्या झाल्या की माशावरचे सगळे परजीवी कुठल्या ना कुठल्या मागच्या टाकीत गळून पडलेले असतात. तसं सगळं मिळून दोन आठवड्यांच्या आत काम होतं. रिकामी झालेली टाकी, हीटर, पाइप, जाळी सगळं धुऊन खडखडीत वाळवायचं. मासा नेताना जुनं पाणी कपभरही सोबत जाता कामा नये. मुरवलेला स्पंजही इथे चालत नाही, त्यातून कोष यायचे. पण दर तीन दिवसांनी पाणीच नवं, त्यामुळे अमोनियाला वाढायला वेळ मिळत नाही. माझ्याकडे नाजूक मासा आला तर मी हल्ली हेच करते. कष्ट आहेत, मीठ बरंच जातं, दोन्ही कबूल. पाण्याचा खारेपणा विशिष्ट गुरुत्व १.००९ पर्यंत उतरवण्याचा मार्गही आहे, पण रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं उपकरण) जरासा चुकीचा दाखवत असला तरी महिन्याची मेहनत पाण्यात जाते, म्हणून मी तो सहसा सुचवत नाही.

कॉपरविना असलेल्या या मार्गांतलं काहीही व्हेल्वेटला पुरत नाही, हे लक्षात ठेवा. व्हेल्वेटमध्ये अंगावर मीठ नाही, बारीक पीठ भुरभुरल्यासारखं दिसतं. मासा उजेड टाळतो, पॉवरहेडच्या (टाकीत पाणी ढवळणाऱ्या पंपाच्या) धारेत तोंड देऊन उभा राहतो आणि दोन-चार दिवसांत संपतो. तिथे ‘जरा वाट बघू’ म्हणणाऱ्याकडे वाट बघायला मासा उरत नाही. तिथे कॉपर हवंच.

राहिले ७२ दिवस. बहुतेक कोष चार आठवड्यांत फुटतात, पण ७२ दिवसांनी फुटलेले कोषही नोंदले गेलेत, तो आकडा तिथून आलाय. गरम पाण्यात चक्र लवकर फिरतं म्हणून काहीजण कमी दिवस धरतात. मी धरत नाही. टाकीत प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी मजेत राहतात, फक्त मासे नसतात. थोडं कंटाळवाणं दिसतं खरं.

तुमचा क्लाऊनफिश सध्या खडकामागे लपून राहतो, असं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय. मला सगळ्यात काळजी त्याच वाक्याची वाटली. उद्या दिवे लागण्याआधी टॉर्च बाजूने तिरकी धरून बघा. अंगावर साय धरल्यासारखा चिकट थर दिसला तर ते ब्रुकलिनेला, म्हणजे आणखी एक परजीवी आजार, क्लाऊनफिशना ते नेहमी होतं आणि कॉपरला ते दाद देत नाही. तसं असलं तर लगेच कळवा, फॉर्मालिनच्या उपचाराचं वेगळं लिहून देईन. तसं नसेल तर अर्धा मिनिट कल्ले मोजा आणि आकडा लिहून ठेवा. आठवड्याने पुन्हा त्याच वेळी मोजा. दुसरा आकडा बराच वर गेला असेल किंवा एखादा जरी ठिपका परतला असेल, तर टाकी बदलण्याच्या पद्धतीसाठी दोन टाक्या आणि दोन हीटर काढून ठेवा, आणि सकाळच्या पाण्यातलं मीठ आदल्या रात्रीच एअर पंप लावून विरघळायला टाका.