बाबांचं कार्ड चालेना, आणि का ते कोणी सांगेना

तिसऱ्यांदा 'पेमेंट फेल्ड' आलं तेव्हा बाबांनी चष्मा काढून ठेवला आणि हळूच विचारलं, "मागचं बिल भरायचं राहिलं का गं माझं?"

राहिलं नव्हतं. ताईकडे बंगळुरूला जायचं म्हणून ते पहिल्यांदाच स्वतः विमानाचं तिकीट काढत होते. दर वेळी कार्डावरच्या आकड्यांवर बोट ठेवून परत वाचत होते. आयुष्यात कोणाचे चार आणे बुडवले नाहीत, तो माणूस स्वतःच्याच हिशेबावर शंका घ्यायला लागला. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला.

कारण काय निघालं? जुन्या कार्डाची मुदत संपली म्हणून बँकेने महिन्यापूर्वी नवं पाठवलं होतं. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या परिपत्रकानुसार नवं किंवा बदलून दिलेलं कार्ड सुरुवातीला फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालतं. ऑनलाइन वापर आपण स्वतः सुरू करायचा असतो. नियम चांगलाच आहे, कार्ड भलत्याच्या हाती पडलं तरी नुकसान टळतं. माझं भांडण नियमाशी नाही, न सांगण्याशी आहे.

नकाराचं कारण बँकेला ठाऊक असतं. आपण बटण दाबलं की विनंती पेमेंट गेटवेकडून, म्हणजे वेबसाइटवर पैसे घेणाऱ्या यंत्रणेकडून, विक्रेत्याच्या बँकेकडे आणि तिथून व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेमार्फत आपल्या बँकेकडे जाते. तिने नकार दिला की सोबत दोन आकडी कोड येतो. ५१ म्हणजे रक्कम पुरेशी नाही, ५४ म्हणजे मुदत संपली, ५७ म्हणजे अशा व्यवहाराला परवानगी नाही. ०५ मात्र नुसताच नकार, त्यात काहीही दडलेलं असू शकतं. आणि हे सगळं आपल्या स्क्रीनवर येईपर्यंत त्याचं 'समथिंग वेंट राँग' होतं. मोठी वस्तू ईएमआयवर घेतली की बहुतेक वेळा सगळ्या रकमेएवढी क्रेडिट कार्डाची खर्चमर्यादा अडकते, हेसुद्धा लोकांना कार्ड नाकारलं गेल्यावरच कळतं.

या गप्प बसण्याची खरी भीती पुढेच आहे. बाबा गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधायला निघाले होते. तिथे खोटे नंबर टाकून बसलेले भामटे अशाच गोंधळलेल्या माणसाची वाट बघत असतात. कृपा करून घरातल्या मोठ्यांना सांगा, फोन करायचाच तर कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवरच करा. आणि पैसे कापले गेले पण विक्रेत्याकडे पोचल्याची नोंदच झाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. हक्काने मागा.

शेवटी बँकेच्या ॲपमधलं ऑनलाइन वापराचं एक बटण सरकवलं आणि तिकीट निघालं. रात्री मी बँकेला तक्रार लिहिली. ग्राहकाला काय मेसेज जायला हवा होता, तेही त्यात मराठीत टाइप करून दिलंय: 'तुमच्या कार्डावर ऑनलाइन व्यवहार बंद आहेत. ॲपमध्ये जाऊन सुरू करा. तुमचं काहीही चुकलेलं नाही.'