केसरबाईंच्या आधी कोण, नंतर कोण?

नासाच्या व्हॉयेजर यानातून केसरबाई केरकरांची भैरवी अंतराळात गेली, हा मेसेज आपल्या सगळ्यांच्या फोनवर वर्षातून दोनदा तरी येतो. माहिती खरी आहे आणि अभिमान वाटावा अशीच आहे. गोव्यातल्या केरी गावात जन्मलेल्या, अल्लादिया खाँसाहेबांकडे वर्षानुवर्षं शिकलेल्या बाईंचं 'जात कहाँ हो' १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दोन यानांमधून पृथ्वी सोडून गेलं. दुसरं यान उडालं ५ सप्टेंबरला आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या.

पण यानांवर बसवलेल्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर संगीताचे २७ तुकडे आहेत, सगळे मिळून साधारण दीड तासाचे. केसरबाईंबद्दल भरभरून बोलणाऱ्या किती जणांनी बाकीचे २६ ऐकलेत? माझं स्पष्ट मत आहे की ज्याला जगातलं निरनिराळं संगीत ऐकायला सुरुवात करायचीय, अशा मराठी माणसाने 'ऐकलीच पाहिजेत अशी १०० गाणी' छापाच्या याद्या बाजूला ठेवाव्यात आणि ही तबकडी लावावी. सगळी एकदम नको. शेवटचे पाच तुकडे, क्रम न बदलता. बावीस मिनिटांच्या आत होतात. केसरबाई त्या पाचांत बरोबर मध्यावर आहेत.

पहिला तुकडा पेरूचा, फक्त ३८ सेकंदांचा. अँडीज डोंगरातली एक मुलगी एकटी गातेय, साथीला काहीही नाही. लग्नाचं गाणं म्हणून त्याची नोंद आहे, पण त्यात आनंद नाही. तो मला चर्चमध्ये घेऊन गेला, मला वाटलं प्रार्थनेला चाललोय, आणि तिथे माझं लग्न लावून टाकलं, असं ती सांगते. जॉन कोहेन या संगीतप्रेमी माणसाने तिकडे जाऊन हे ध्वनिमुद्रित केलं. भाषेचं अक्षर कळत नाही, पण चाल ऐकून मला थेट जात्यावरची ओवी आठवते. तेच छोटं आवर्तन, तोच थोड्याशाच सुरांत फिरणारा गळा, आणि जे घरात कुणापाशी बोलता येत नाही ते गाण्यात बोलून टाकणं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या कितीतरी बायकांच्या आवाजात आज 'परी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर ऐकता येतात. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज तिथे आहे. तो ऐका आणि लगेच ही पेरूची मुलगी ऐका. लोकसंगीत म्हणजे नाचगाणं आणि ढोलकी एवढीच ज्याची समजूत असेल, त्याची ती एका मिनिटात मोडेल.

दुसरा तुकडा चीनचा, साडेसात मिनिटांहून जरा मोठा. ग्वान पिंगहू गुचिन वाजवतात. हे सात तारांचं, आडवं ठेवून वाजवायचं वाद्य आहे, आवाज अगदी लहान. रचनेच्या नावाचा अर्थ वाहतं पाणी. तिच्याशी जोडलेली जुनी कथा अशी की बोया नावाचा वादक वाजवायचा आणि त्याचा मित्र ऐकून ओळखायचा, आत्ता तुझ्या मनात डोंगर आहे, आत्ता पाणी आहे. मित्र वारला तेव्हा बोयाने वाद्य फोडलं आणि पुन्हा कधी वाजवलं नाही. आपल्याकडे ज्याला जाणता श्रोता म्हणतात त्याचं मोल यापेक्षा नेमकं कुणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही. हेडफोन लावून ऐकलंत तर डाव्या हाताचं बोट तारेवरून सरकताना होणारं घर्षणसुद्धा ऐकू येतं, आणि ती सरक म्हणजे आपली मींडच, सुरावरून सुरावर सलग घसरत जाणं. तबला नाही, सम नाही, घाई नाही. पहिली दोन मिनिटं काही घडत नाही असं वाटेल. थांबा. मध्यावर एकाच वेळी इतक्या तारांवरून पाणी धावायला लागतं की हे सगळं दोन हातांतून येतंय यावर विश्वास बसत नाही.

आणि ते पाणी ओसरतं तिथे केसरबाई सुरू होतात.

हा जोड मुद्दाम अनुभवा. इतक्या अंतर्मुख वाद्यानंतर तो भरदार, मोकळा 'आ'कार आला की आपल्या रोजच्या ऐकण्यातली भैरवी नव्याने कानावर पडते. केसरबाईंना ध्वनिमुद्रणाचा फारसा सोस नव्हता. एक राग तासभर मांडणाऱ्या बाईंना मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीत साडेतीन मिनिटं मिळायची. पण त्या साडेतीन मिनिटांत त्या घाई करत नाहीत. जागा कमी म्हणून ताना कोंबलेल्या नाहीत, श्वास कुठे तुटलेला कळत नाही. रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाने हे ध्वनिमुद्रण सुचवलं, तेव्हा ते बाजारात मिळतच नव्हतं. शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात त्याच्या प्रती सापडल्या. आपल्या घराघरांतल्या माळ्यांवर अजून काय काय पडून असेल, हा विचार मला तेव्हापासून सोडत नाही.

बाईंच्या लगेच नंतर ब्लाइंड विली जॉन्सन. टेक्सासमधला अंध, कृष्णवर्णीय, रस्त्यावर देवाची गाणी गाणारा माणूस. ध्वनिमुद्रण डिसेंबर १९२७ चं, डलासमधलं. रचनेचं नाव घेतलंय ते येशूच्या अटकेआधीच्या रात्रीवरच्या एका जुन्या इंग्रजी स्तोत्रातून. विलीने शब्द मात्र टाकून दिलेत. नुसता हुंकार, आणि त्याच्याशी बोलणारी गिटार. गिटारवर पडद्यापडद्याने सूर काढलेले नाहीत, तारेवरून ते सरकवलेत. आपल्या कानाला ही गिटार परकी वाटतच नाही. आपल्याकडे ब्रिजभूषण काब्रा अशीच सरकती गिटार वाजवायचे. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्या जोडीने ते आहेत. त्या तबकडीचे निर्माते जी. एन. जोशी, म्हणजे ना. घ. देशपांड्यांची 'रानारानांत गेली बाई शीळ' गाऊन मराठी भावगीत घराघरांत नेणारेच. टेक्सासच्या रस्त्यावरून निघालात तर विदर्भातल्या कवीपर्यंत यायला तीन उड्या पुरतात.

शेवटी बेथोव्हेनच्या चौकडीतला कावातिना, म्हणजे संथ, गाण्यासारखा भाग. दोन व्हायोलिनं, एक व्हिओला, एक चेलो. १८२५ सालची रचना, बेथोव्हेन तेव्हा जवळजवळ पूर्ण बहिरा होता. मध्येच पहिल्या व्हायोलिनची ओळ तुटत तुटत जाते, हुंदका आवरत बोलणाऱ्या माणसाची जाते तशी. विलीचा हुंकार कानात ताजा असताना हे ऐकलं की 'पाश्चात्त्य शास्त्रीय आपल्याला कळत नाही' म्हणायला जागाच उरत नाही.

या निवडीवर आक्षेप आहेत आणि मला ते मान्य आहेत. एकट्या जर्मन संगीतकार बाखचे तीन तुकडे आणि अख्ख्या भारताची साडेतीन मिनिटं. कर्नाटक संगीताचा एक सूर नाही. निवडणारी माणसं अमेरिकन होती, वेळ थोडा होता. तरीही त्यांनी जी एक गोष्ट केली ती आज आपला फोन करत नाही. केसरबाई लावल्यात की फोन आणखी ख्याल सुचवतो, ब्लूज, म्हणजे विलीच्या धाटणीचं अमेरिकी कृष्णवर्णीयांचं संगीत, लावलंत की आणखी ब्लूज. ख्यालानंतर ब्लूज लावायला अजूनही माणूसच लागतो. एकाच प्रकारात दहा वर्षं ऐकत राहणाऱ्या जाणकारांबद्दल मला आदर आहे, पण शेजारी काय वाजतंय ते न ऐकता 'आमच्यासारखं जगात कुठे नाही' म्हणणं मला पटत नाही.

हे संगीत २०१७ मध्ये सर्वसामान्यांसाठी तबकड्यांच्या संचात निघालं, आणि यूट्यूबवर एकेक तुकडा सहज सापडतो. बाकीच्यांतला बल्गेरियाच्या वाल्या बाल्कान्स्काचा आवाजही चुकवू नका. डेल्यो नावाच्या बंडखोरावरचं गाणं आहे, आणि शाहिरांवर वाढलेल्या कानाला ते पहिल्या ओळीतच आपलंसं होईल.

आता तुम्ही सांगा. केसरबाईंच्या आधी आणि नंतर तुम्ही काय लावाल? नुसतं गाण्याचं नाव नको, ध्वनिमुद्रण सांगा: कोणी गायलं, कोणत्या साली, साथीला कोण. माझं उत्तर देऊन ठेवते. आधी अब्दुल करीम खाँसाहेबांनी गायलेली त्यागराजांची खरहरप्रिया रागातली कृती, म्हणजे कर्नाटक संगीताची ती उणीवही भरून निघेल. नंतर गंगूबाई अंबोऱ्यांची ओवी.