सोबत कोण आहे?

कोणी नाही. एकटाच आहे मी. मागून कोणी येणार नाही, खाली गाडीत कोणी बसलेलं नाही, उद्या सकाळी कोणी जॉइन होणार नाही. किती वेळा सांगायचं हे एका माणसाने?

मागच्या शनिवारी लोणारला गेलो होतो. दोन दिवस आधी लॉजवर फोन करून विचारलं होतं, रूम आहे का? "आहे, या की." भाडं ८०० रुपये, अॅडव्हान्स नको, आल्यावर द्या. मी निर्धास्त. नाशिकहून जनरलच्या डब्यात दाराशी उभा राहून जालना, तिथून सिंदखेडराजामार्गे सुलतानपूर फाटा, फाट्यावर काळी-पिवळी भरेपर्यंत पाऊण तास, आणि रात्री सव्वाआठला त्या काउंटरसमोर. पाठीवर सॅक, अंगावर दिवसभराची धूळ, पोटात दुपारचा एक वडापाव. मॅनेजरने मान वर केली, आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून दाराकडे.

"बाकीचे?"

"बाकीचे कोणी नाहीत. मी एकटाच."

त्याने उघडलेलं रजिस्टर मिटलं. पेन आत तसंच ठेवून माझ्या तोंडावर मिटलं. "सिंगल माणसाला रूम देत नाही आम्ही."

मी म्हटलं, परवा फोनवर तुम्हीच हो म्हणालात. तर म्हणे, "तुम्ही एकटे आहात हे सांगितलं नाहीत." अरे पण तू विचारलंस का? आणि मी का सांगायचं? दुकानात साबण घ्यायला गेल्यावर घरात किती माणसं आंघोळ करतात हे सांगतो का आपण?

आधार कार्ड ठेवलं. ऑफिसचं ओळखपत्र ठेवलं. दुसऱ्या दिवशीचं परतीचं रेल्वे तिकीट मोबाइलवर काढून दाखवलं. त्याने तिन्हींकडेही नीट पाहिलं नाही. आवाज खाली घेऊन म्हणाला, "मागे एक प्रकार झाला होता साहेब. तेव्हापासून मालकांनी सांगितलंय." प्रकार म्हणजे काय ते तुम्हालाही कळलं, मलाही कळलं. म्हणजे मी, ४६ वर्षांचा, व्यवस्थित नोकरी करणारा, सॅकमध्ये दुर्बीण आणि चिवड्याचा डबा घेऊन आलेला माणूस, त्याच्या खोलीत जीव द्यायला आलोय असं त्याने माझ्याकडे एक नजर टाकून ठरवलं.

शेवटी मीच म्हटलं, दोघांचं भाडं घ्या. तेव्हा तो जरा हलला. "घरी फोन लावा. स्पीकरवर."

मागे एक कुटुंब चावीची वाट बघत उभं होतं. नवरा, बायको, दोन मुलं, एक आजी. त्या सगळ्यांसमोर मी बायकोला फोन लावला आणि त्या माणसाने माझ्या हातातला फोन घेऊन विचारलं, "ताई, मिस्टरांना काही टेन्शन वगैरे नाही ना? घरात काही भांडण? कर्जबिर्ज?" बायको गांगरली. म्हणाली, "नाही हो, ते असेच जातात, सरोवर बघायला गेलेत." "तसं काही करणार नाहीत ना?" दोन सेकंद फोन शांत. मग ती म्हणाली, "नाही." आजीने नातवाला जवळ ओढून घेतलं. मी पाहिलं ते. माझ्यापासून लांब ओढून घेतलं.

मग रूम मिळाली. तळमजल्यावर, जिन्याखाली, मॅनेजरच्या काउंटरवरून दार दिसेल अशी. छताला नुसता हूक, पंखा काढून टाकलेला. कोपऱ्यात टेबलफॅन, तो चालू केला की मान टाकायचा. दाराला आतून कडी नाही, कडीचे चार स्क्रू होते तिथे चार भोकं. भाडं १४०० रुपये. आगाऊ.

अकरा वाजता दारावर टकटक. "साहेब, पाणी पाहिजे का?" दीड वाजता टकटक. "साहेब, सगळं ठीक ना?" चार वाजता पुन्हा. तो पोरगा सोळा-सतरा वर्षांचा असेल, डोळे उघडत नव्हते त्याचे, त्याच्यावर माझा काही राग नाही. त्याला कोणीतरी गजर लावून उठवत होतं, माझ्या दारावर धाडत होतं. चौथ्यांदा कोणी यायच्या आत मीच उठलो आणि सॅक भरली.

कोणी म्हणेल, काळजीपोटीच करतात बिचारे. काळजी? काळजी करणारा माणूस आधी विचारतो, जेवलात का? सव्वाआठपासून सकाळपर्यंत त्या इमारतीत एकानेही मला हे विचारलं नाही. मी उपाशी झोपलो, कारण रूमचा तमाशा संपेपर्यंत शेजारची खानावळ बंद झाली होती. ज्याचं खरंच काही बिनसलंय, जो खरंच मोडून आलाय, अशा माणसाचं काय होत असेल रात्री नऊ वाजता रस्त्यावर? त्याच्या तोंडावर रजिस्टर मिटायचं आणि तो पुढच्या गल्लीत गेला की आपण सुटलो. ही आपल्या लॉजची काळजी झाली, माणसाची कुठे? ओळखपत्र घ्या, फोटो काढा, रजिस्टरात नोंद करा, पोलिसांना पाठवा, सगळं मान्य. पण एकट्याला खोली देऊ नका असा कुठलाही कायदा या देशात नाही, आणि सगळीकडे तो असल्यासारखा दाखवतात.

आणि हे काय एका लॉजचं आहे होय? बावीस वर्षं बघतोय. जंगल सफारीला जा, जिप्सी पूर्ण घ्यावी लागते. सहा जणांचे पैसे एकट्याने भरा, नाहीतर गेटवर उभे राहून कोणाच्या गाडीत एक जागा आहे का म्हणून भीक मागा. धरणावरच्या बोटीत जा, "आठ जण झाले की सोडतो", आणि आठवा येईपर्यंत ऊन उतरतं. थाळीच्या हॉटेलात चार जणांच्या टेबलावर बसलं की वेटर बडीशेपेची वाटी उचलून सांगतो, तिकडे बसा, हात धुवायच्या जागेजवळ. सहलींच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत आकडा आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत "दर माणशी, दोघांनी रूम शेअर केल्यास". एकट्याचा आकडा विचारला की तिकडची मुलगी म्हणते, सर, कोणी मित्र नाही का? आहेत. भरपूर आहेत. त्यांना शनिवारी सकाळी दहापर्यंत झोपायचं असतं, आणि मला पहाटे साडेपाचला एका जागी गप्प उभं राहायचं असतं. यात कोणाचं काय बिघडलं?

गाइडचंही तेच. "एकट्यासाठी खाली उतरायला परवडत नाही, ग्रुप असेल तर सांगा." मी पूर्ण पैसे द्यायला तयार होतो. पण एकट्या माणसाला सांगायला त्यालाच मजा येत नसावी. ग्रुपला काय सांगतात तेही ऐकलंय मी मागच्या खेपेला. नासाचे शास्त्रज्ञ थक्क झाले, इथे घड्याळ बंद पडतं, पाण्याला तळच नाही. या सगळ्याचा मला भयंकर संताप येतो. खरी गोष्ट एवढी अफाट असताना खोटं कशाला लागतं?

सुलतानपूर फाट्यावरचा जीपवाला आदल्या दिवशी म्हणाला होता, "काय बघायला जाता एवढ्या लांबून? खड्डाच तर आहे." तेव्हा मी गप्प बसलो, शेवटची सीट मिळाली होती म्हणून. आता बोलतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थरांवर थर पसरून हा आपला काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, तयार झाला. त्यावर आकाशातून एक उल्का येऊन आदळली आणि सुमारे १.८ किलोमीटर रुंद, दीडशे मीटर खोल भोक पाडून गेली. बेसॉल्टच्या खडकात असं विवर पृथ्वीवर फारच क्वचित सापडतं. चंद्राचे काळे डागही बेसॉल्टचेच, म्हणून तिथली विवरं समजून घ्यायला जगभरचे लोक बुलढाणा जिल्ह्यात येतात. अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ साली याची नोंद केली. त्यानंतर कित्येक वर्षं ज्वालामुखी की उल्का हा वाद चालला, आणि १९७०च्या दशकात इथल्या खडकात मॅस्केलिनाइट नावाची काच सापडली तेव्हा तो मिटला. नुसत्या उष्णतेने होत नाही ती काच, प्रचंड दाबाचा धक्काच लागतो. वय आधी ५२ हजार वर्षं धरत होते, नंतरच्या मोजणीत ते ५ लाख ७० हजारांच्या आसपास निघालं. आणि म्हणे खड्डा!

पहाटे पावणेसहाला मी काठावर होतो. खाली सगळं धुक्यात, नुसता गोल आकार कळत होता. मग समोरची कडा उजळली आणि झाडीतून मोर ओरडायला लागले, एक, मग चार बाजूंनी. पाणी हळूहळू दिसायला लागलं. ते निळं नसतं. शेवाळाचं दाट हिरवं असतं, कारण पाणी इतकं खारं आणि अल्कधर्मी आहे की त्यात ठरावीक सूक्ष्मजीवच जगतात. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं होतं, आठवत असेल. तेव्हाही लोकांनी काय काय पिकवलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि मिठात वाढणाऱ्या हॅलोआर्किया सूक्ष्मजीवांचा रंग असल्याचं सांगितलं. त्याच वर्षी रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, नाव आलं. त्यानंतर गर्दी वाढली ती अशी की धारेजवळच्या पायऱ्यांवर वेफर्सची पाकिटं आणि गुटख्याच्या पुड्या. ती धार गोड्या पाण्याची, बारमाही, वर कड्यातून निघून खाली खाऱ्या सरोवराकडे जाणारी. तिथे मी ओंजळ धरून उभा होतो आणि शेजारी एकाच्या खिशातल्या स्पीकरवर ढिंचॅक गाणं. दहा जणांचा ग्रुप होता. त्यांना रूम मिळाली असणार. त्यांच्या घरी कोणी फोन लावला नसणार. रात्री त्यांच्या दारावर टकटक झाली नसणार. काठावरच्या दगडावर नावं कोरणारे, बाटल्या दरीत भिरकावणारे नेहमी दहाच्या संख्येने असतात, आणि संशयित कोण, तर कडेला गप्प उभा असलेला एकटा माणूस.

आठ वाजता वर आलो तेव्हा मोबाइलला रेंज आली आणि बायकोचे अकरा मिस्ड कॉल एकदम दिसले. पहिला चार वाजून दहा मिनिटांनी.

मी फोन लावला. तिने उचलला आणि काही बोललीच नाही. मग म्हणाली, "अहो, तुम्ही ठीक आहात ना?" ती रात्रभर झोपली नव्हती. त्या माणसाने विचारलं आणि तिच्या डोक्यात तो विचार बसला. मार्चमध्ये ऑफिसात माझं बॉसशी वाजलं होतं ते तिला आठवलं. गेल्या महिन्यात मी दोन दिवस नीट जेवलो नव्हतो ते आठवलं. ते दाढदुखीने होतं, पण रात्री अडीच वाजता दाढदुखी कोणाला आठवते? लॉजवर तिने पाच वेळा फोन केला, पाचही वेळा कोणी उचलला नाही. माझ्या दारावर तीनदा पोरगा पाठवायला माणूस होता, तिचा फोन उचलायला नव्हता.

याचा हिशोब मला त्या माणसाकडून हवाय. सहाशे रुपये जास्त घेतलेस, घे. कडी काढलीस, पंखा काढलास, झोप मोडलीस, सगळं सोडून दिलं. पण लग्नाला अठरा वर्षं झाली आमच्या. या अठरा वर्षांत मी हरिश्चंद्रगडावर कोकणकडा बघायला गेलो, अतिवृष्टीत आंबोलीला गेलो, सगळीकडे एकटा गेलो, आणि एकदाही तिने दारात अडवलं नाही. चिवड्याचा डबा सॅकमध्ये तीच टाकते. पोचल्यावर एक मेसेज कर, एवढंच तिचं म्हणणं असायचं.

पुढच्या महिन्यात सांदण दरीला जायचं म्हणून काल रात्री सॅक खाली काढली. ती भाजी निवडत होती. तिने सुरी खाली ठेवली, सॅककडे बघत राहिली आणि म्हणाली, "मी येऊ का सोबत?" तिचे गुडघे दुखतात. तिला दगडांतून चालवत नाही. ती यायला तयार झाली, कारण एका काउंटरवर बसलेल्या अनोळखी माणसाने तिला स्पीकरवर चार प्रश्न विचारले.

सॅक अजून पलंगावर पडली आहे. ती आत ठेवत नाही आणि मी भरत नाही.