‘लाट आली की बोर्ड सोडून द्या’ हा सल्ला धोक्याचा आहे

सर्फिंग शिकणाऱ्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक संदेश बराच फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: लाँगबोर्ड (नऊ फुटांच्या आसपासचा लांब सर्फबोर्ड) पाण्याखाली दाबता येत नाही, म्हणून फुटणारी लाट समोर आली की बोर्ड सोडा आणि बुडी मारा. पायाला लीश, म्हणजे बोर्डाला जोडलेली दोरी, बांधलेली आहे, बोर्ड कुठे जात नाही. टर्टल रोल, म्हणजे बोर्डासकट उलटं होऊन लाट वरून जाऊ देणं, फक्त गुडघाभर फेसात चालतो, खरी लाट बोर्ड हातातून हिसकावून नेते. बाकी सगळा खांद्यांच्या जोराचा खेळ आहे, न थांबता पॅडल मारत, म्हणजे बोर्डावर पोटावर पडून हातांनी पाणी कापत राहा. आणि तरीही जमत नसेल तर रिप करंटमध्ये, म्हणजे किनाऱ्याकडून समुद्रात परत जाणाऱ्या प्रवाहात घुसा, तो तुम्हाला फुकटात आत नेऊन सोडतो.

ज्याने हे लिहिलंय त्याला समुद्राची ओळख नाही असं मी म्हणणार नाही. पहिल्या आणि शेवटच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहेच. पण हा संदेश वाचून लोक भाड्याचा नऊ फुटी बोर्ड घेऊन सुट्टीच्या दिवशी गजबजलेल्या किनाऱ्यावर उतरतायत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर द्यायला हवं.

‘लाँगबोर्ड खाली दाबता येत नाही, म्हणून सोडून द्या.’

यातला पहिला अर्धा भाग बरोबर आहे. छोटा बोर्ड साधारण २५ ते ३५ लिटरचा असतो. नोजवर (बोर्डाचं पुढचं टोक) दोन्ही हातांचा भार टाकून आणि टेल (मागचं टोक) गुडघ्याने दाबून त्याला लाटेखालून काढता येतं. यालाच डक डाइव्ह म्हणतात. नऊ फुटी लाँगबोर्ड सहज ६५ लिटरचा असतो. तो पूर्ण बुडवायचा तर ६५ किलो पाणी बाजूला सारावं लागतं. बोर्डाचं स्वतःचं सहा-सात किलो वजन वजा केलं तरी ५८ किलोच्या आसपास जोर उरतो, आणि तो जोर पोटावर पडल्या पडल्या, लाट डोक्यावर येत असताना लावायचा. हे होत नाही, मान्य.

पण डक डाइव्ह होत नाही म्हणजे दुसरं काहीच होत नाही, हे कुठून आलं? लाँगबोर्डवाल्याकडे चार-पाच उपाय असतात. पाणी किती खोल आहे आणि फेस किती उंच आहे, यावर त्यातला कोणता वापरायचा ते ठरतं.

कमरेएवढ्या पाण्यापर्यंत तर चालतच जायचं. बोर्ड अंगाच्या बाजूला, नोज समुद्राकडे, एक हात बोर्डावर. बोर्ड कधीही तुमच्या आणि लाटेच्या मध्ये आडवा धरायचा नाही. गुडघाभर फेसाचा एक धक्का पुरतो, रेल, म्हणजे बोर्डाची कड, थेट बरगड्यांत बसते. फेस आला की टेल दाबायची, म्हणजे नोज वर उचललं जातं आणि बोर्ड फेसावरून सरकतो. तुम्ही त्याच वेळी छोटी उडी मारायची.

पॅडल मारत असताना फेस फूटभराचा असेल तर नुसती छाती उचलली तरी पुरतं. दोन्ही तळवे रेलवर छातीच्या बाजूला ठेवून हात सरळ करायचे. फेस बोर्ड आणि अंग यांच्यामधल्या फटीतून निघून जातो. त्याहून थोडा मोठा फेस असेल तर बरेच जुने लाँगबोर्डर आणखी एक गोष्ट करतात. ते झटकन मागे सरकून टेलवर बसतात, त्याने नोज उभं राहतं. फेस बोर्डाच्या पुढच्या भागाखाली शिरताच ते अंग पुढे झोकून बोर्ड त्यावरून खेचून घेतात. बघायला सोपं वाटतं, पण क्षण चुकला तर बोर्ड मागे उलटतो, म्हणून आधी लहान फेसात सराव करावा. आणि याहून मोठ्या लाटेसाठी टर्टल रोल आहे, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो.

बोर्ड सोडणं हा शेवटचा पर्याय आहे. लाटेचं तोंड बरोबर डोक्यावर कोसळतंय आणि दुसरं काही करायला वेळ नाही, तेव्हाच. तेही आधी मान वळवून मागे बघून.

‘लीश आहेच, बोर्ड कुठे जात नाही.’

या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

हिशोब साधा आहे. नऊ फुटी बोर्डाला साधारण नऊ फुटांची लीश असते. ती टेलला अडकवलेली असते, त्यामुळे फेसाने ओढलेला बोर्ड लीशच्या टोकापासून आणखी नऊ फूट किनाऱ्याकडे पसरतो. तुम्ही बुडी मारलीय, पाय मागे ताणलेले, म्हणजे अंगाची लांबी आणखी पाच-सहा फूट. एकूण चोवीस फूट झाले, आणि लीश ताणली जाते ते वेगळंच. तुमच्या मागे पंचवीस फुटांच्या आत जो कोणी असेल, त्याच्या डोक्यापर्यंत तुमचा बोर्ड पोचतो. बोर्ड ‘कुठे जात नाही’ तो फक्त तुमच्यापुरता.

गोव्यातल्या आश्वेला एकदा सकाळच्या वेळी मी हे फार जवळून पाहिलं. माझ्या उजव्या हाताला एका मुलाने कमरेच्या वर लागणाऱ्या फेसाला घाबरून बोर्ड मागे टाकला आणि स्वतः खाली गेला. त्याच्या मागे दहा-अकरा वर्षांची एक मुलगी आपल्या शिक्षकाबरोबर उभी होती. बोर्ड फेसाबरोबर उलटा होऊन आला, फिन (तळाला लावलेलं धारदार पातं) वर, आणि लीशला हिसका बसून तो फिरला तेव्हा फिन तिच्या कानाच्या उंचीवरून वीतभर अंतराने गेली. शिक्षकाने तिला दंडाला धरून खाली ओढलं म्हणून निभावलं. तो मुलगा वर आला, डोळे पुसले, लीश ओढून बोर्ड जवळ घेतला आणि पुन्हा पॅडल मारू लागला. मागे काय घडलं ते त्याला कळलंही नाही.

लीशचा इतिहासही या बाबतीत बोलका आहे. कॅलिफोर्नियातल्या सांता क्रूझमध्ये १९७० च्या सुमारास पॅट ओनील याने रबरी सर्जिकल ट्यूबची लीश वापरात आणली. त्याचे वडील जॅक ओनील, म्हणजे वेटसूटच्या (थंड पाण्यात घालायच्या रबरी पोशाखाच्या) धंद्यातलं मोठं नाव, यांचा डावा डोळा १९७१ मध्ये ताणलेल्या लीशने परत फेकलेल्या बोर्डामुळे गेला. आजच्या लीश युरेथेन या प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या असतात, तितक्या ताणल्या जात नाहीत, पण परत उसळणं थांबलेलं नाही. म्हणूनच पाण्यातून वर येताना एक हात डोक्यावर आणि चेहऱ्यासमोर धरायला शिकवतात.

त्याआधीची पन्नास-साठ वर्षं लीश नव्हतीच. हवाईचा प्रसिद्ध जलतरणपटू आणि सर्फर ड्यूक कहानामोकू याने १९१४ च्या डिसेंबरात सिडनीजवळच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर लाकडाच्या घडवलेल्या जड बोर्डावर सर्फिंग करून दाखवलं, तेव्हा बोर्ड सुटला की पोहत किनाऱ्यावर जाऊन आणायचा, एवढाच मार्ग होता. कॅलिफोर्निया आणि हवाईतल्या मालिबू, वायकीकी, सॅन ओनोफ्रे अशा किनाऱ्यांवरची पिढ्यांची माणसं असेच लांब बोर्ड घट्ट धरून लाटांपलीकडे जात होती. सोडून देणं ही लीशने लावलेली सवय आहे.

शिवाय लीश तुटते. पायाच्या पट्ट्याचं वेल्क्रो वाळूने निकामी होतं, बोर्डाकडची दोरी झिजते, नळीला बारीक चीर पडते. भाड्याच्या बोर्डावर तर हे हमखास बघून घ्यावं.

‘टर्टल रोल खऱ्या लाटेत चालत नाही.’

चालतो. पण अर्धवट केला तर चालत नाही, आणि बहुतेक जण अर्धवटच करतात.

पहिली चूक दिशेची. बोर्ड लाटेला काटकोनात हवा. थोडा जरी तिरका असला की फेस रेलवर आदळतो, आणि मग बोर्ड लाटेसमोर उघड्या दारासारखा फिरतो. तो धरून ठेवणं कुणालाच शक्य नसतं. दुसरी चूक वेगाची. लाट दिसली की लोक पॅडल मारायचे थांबतात आणि वाट बघत पडून राहतात. उलट शेवटचे तीन-चार हात जोरात मारायचे, कारण लाट किनाऱ्याकडे ढकलणार आहे आणि तुमच्याकडे तिच्या विरुद्धचा थोडा तरी वेग असायला हवा.

फेस एका बोर्डाच्या लांबीवर आला की दोन्ही रेल छातीच्या रेषेत किंवा किंचित पुढे घट्ट पकडायच्या, श्वास घ्यायचा आणि एका कुशीवर वळून बोर्ड आपल्यावर उलटा घ्यायचा. आता फिन आकाशाकडे, तुम्ही खाली. कोपरं किंचित वाकलेली, चेहरा एका बाजूला वळवलेला, म्हणजे बोर्ड दबला तरी नाकावर बसत नाही. पाय बोर्डाला चिकटवू नका, खाली लोंबू द्या. तुमचं अंग पाण्याच्या खालच्या, कमी खवळलेल्या थरात लोंबकळतं आणि नांगराचं काम करतं. लाटेचा धुमाकूळ वरच्या थरात जास्त असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कुणी सांगत नाही: नोज खाली ओढा. उलट्या बोर्डाचं नोज पाण्याबाहेर राहिलं तर फेस त्याखाली शिरतो आणि बोर्ड उचलून मागे फेकतो. ‘हिसकावून नेते’ म्हणतात ते हेच. नोज वीतभर खाली असेल तर फेस बोर्डाच्या तळावरून घसरून जातो. डोक्यावरची गडगड ओसरली की बोर्ड पुढे ढकलत परत वळायचं, पाय मारून वर चढायचं आणि लगेच पॅडल मारायला लागायचं. वर येऊन डोळे चोळत बसलात तर पुढची लाट तुम्हाला तशीच गाठते.

याला मर्यादा आहेत. कमरेपेक्षा कमी पाण्यात टर्टल रोल करू नये, डोकं वाळूवर आपटतं. लाटेचं जाड तोंड थेट बोर्डावर कोसळत असेल तरी भागत नाही. आणि दोन लाटांमध्ये सात-आठ सेकंदच मिळत असतील, वाऱ्याने उठवलेल्या लाटांत असं होतं, तर उलटं होणं, सरळ होणं, वर चढणं यातच सगळा वेळ जातो आणि तुम्ही जागचे हलत नाही. अशा दिवशी टेलवर बसण्याची युक्ती बरी, किंवा वारा पडेपर्यंत वाळूवर थांबणं त्याहून बरं.

‘सगळा खांद्यांच्या जोराचा खेळ आहे.’

जोर लागतो. पण फेसात पॅडल मारायला जोर लावणं म्हणजे तो वाया घालवणं. फेसाळ पाण्यात हवा भरलेली असते, हाताला पकड मिळत नाही. एक लाट ओलांडल्यावर जे स्वच्छ पाणी मिळतं, तिथे जोर लावायचा. बोर्डावर मागे सरकून पडलात तर नोज वर राहतं आणि तुम्ही सतत चढावर पॅडल मारता. नोज पाण्यापासून इंच-दोन इंचच वर हवं.

आणि त्याआधी वाळूवर उभं राहून दहा-पंधरा मिनिटं बघायचं. ऑक्टोबर ते मे या काळात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येणाऱ्या बऱ्याच लाटा दक्षिण हिंदी महासागरातल्या लांबच्या वादळांतून आलेल्या असतात. त्या गटाने येतात, मध्ये शांतता असते. लाट साधारण तिच्या उंचीच्या १.३ पट खोल पाण्यात फुटते, म्हणजे तीन फुटी लाट चार फूट पाण्यात. मोठ्या लाटा कुठे फुटतात ती जागा डोळ्यांनी नक्की करायची, तिच्या अलीकडे थांबायचं, गट संपला की निघायचं. मध्यम ताकदीची माणसं अशा वेळी जवळजवळ कोरड्या केसांनी पलीकडे पोचतात. दुपारनंतर समुद्रावरचा वारा सुटला की हे गणित बिघडतं, म्हणून सकाळ. जून ते सप्टेंबरच्या उधाणात नवख्याने बोर्ड घेऊन उतरूच नये. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचे इशारे देते, ते बघण्याची सवय बाकीच्या महिन्यांतही असावी.

‘रिप करंट फुकटात आत नेतो.’

अनुभवी सर्फर रिपचा उपयोग करतात, हे खरं. लाटांनी किनाऱ्याकडे लोटलेलं पाणी जिथून परत समुद्रात जातं तिथे तळ खोल असतो, लाटा कमी फुटतात, वाट मोकळी मिळते. पण हीच शांत दिसणारी पट्टी नवख्याला सगळ्यात सुरक्षित वाटते, आणि प्रवाह कुठे संपतो, बाहेर कसं पडायचं, हे त्याला माहीत नसतं.

संदेशातला पहिला आणि शेवटचा सल्ला एकत्र ठेवून बघा. रिपमध्ये तुम्हाला तरंगत ठेवणारी एकमेव वस्तू म्हणजे तो लाँगबोर्ड. ज्याला लाट दिसली की बोर्ड सोडायची सवय लागलीय, त्याला रिपमध्ये पाठवायचं, आणि त्याची लीश तुटली तर तो खोल पाण्यात बोर्डाशिवाय एकटा. रिपमध्ये सापडलात तर बोर्डावर पोटावर पडून राहा, किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पॅडल मारत शेजारी फेस फुटताना दिसतोय तिथपर्यंत जा. तिथून त्याच फेसावर, रेल दोन्ही हातांनी धरून, पोटावरच वाळूपर्यंत या. दम संपत आला असेल तर बोर्डावर बसून एक हात डोक्यावर हलवा, किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांना ती खूण कळते. आणि जिथे लाल झेंडा लावलेला असेल तिथे उतरूच नका.