सिगारेट सोडून लहान सिगारवर आलेल्यांसाठी

गेल्या दोन वर्षांत माझ्या ओळखीच्या तिघांनी मला एकच गोष्ट मोठ्या आनंदाने सांगितली. "सिगारेट सुटली बघ. आता फक्त ते छोटे सिगार, तेही दिवसाला दोन-चार." तिघंही समंजस, घरादाराची काळजी असलेले. तिघांच्याही आवाजात सुटकेचा भाव होता. तो भाव मी चटकन ओळखतो, कारण सात वर्षांपूर्वी हेच वाक्य मी माझ्या घरी असंच आनंदाने सांगितलं होतं. म्हणून आज सविस्तर लिहितोय. पोस्ट लांबेल, पण कृपा करून अर्ध्यावर सोडू नका.

आधी एक मान्य करतो. लहान सिगारची ओढ खोटी नाही, आणि ज्यांना ती वाटते त्यांना मी मूर्ख समजत नाही.

सिगारचं माप दोन आकड्यांत सांगतात, लांबी आणि जाडी. जाडीला 'रिंग गेज' म्हणतात. इंचाचे 64 भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक रिंग गेज. क्यूबातला प्रसिद्ध चर्चिल आकार 178 मिलिमीटर लांब आणि 47 जाडीचा. तो सावकाश ओढायचा तर तासाच्या वर वेळ हाताशी हवा. पेटी कोरोना 129 मिलिमीटरचा आणि 42 जाडीचा, त्याला अर्धा-पाऊण तास पुरतो. एच. उपमन या जुन्या क्यूबन नावाने 2011 साली हाफ कोरोना बाजारात आणला, तो जेमतेम 90 मिलिमीटरचा आणि 44 जाडीचा. वीस-पंचवीस मिनिटांत संपतो. मधल्या काळात दुसरीकडे जाडी वाढवण्याचीही चढाओढ चालली होती, 60 रिंग गेजचे सिगार सर्रास मिळू लागले. पण एवढा सिगार संपवायला लागणारी निवांत संध्याकाळ आता किती जणांकडे उरली आहे?

त्यात बंदिस्त जागेतल्या धूम्रपानावर बंदी आली. न्यूयॉर्क शहरात 2003 मध्ये, आयर्लंडमध्ये मार्च 2004 मध्ये, इंग्लंडमध्ये जुलै 2007 मध्ये. खुर्चीत रेलून ओढायची वस्तू दाराबाहेर, थंडी-वाऱ्यात उभं राहून ओढायची झाली. तिथे लांब सिगार गैरसोयीचा. अर्धा ओढून विझवला आणि नंतर पुन्हा पेटवला की तो कडवट लागतो, त्याला शिळा वास येतो. मग माणूस आपोआप लहान आकाराकडे वळतो. हे कोणी जाहिरात करून घडवलं असं मला वाटत नाही. दिवसाचे तुकडे लहान झाले, सिगारही लहान झाला.

आणि चवीचं कारण तर त्याहून खरं आहे. यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण हाताने वळलेला बारीक सिगार ही कसबाची गोष्ट आहे आणि त्या कारागिरांबद्दल मला आजही आदर आहे. सिगारमध्ये तीन थर असतात. आत भरलेली पानं म्हणजे फिलर, त्यांना बांधून ठेवणारं पान म्हणजे बाइंडर, आणि सगळ्यांत वरचं देखणं पान म्हणजे रॅपर. आता लांबी तेवढीच ठेवून जाडी निम्मी करा. आतला तंबाखू चौथा हिस्सा उरतो, पण वरचं पान मात्र निम्मंच कमी होतं. म्हणजे बारीक सिगारमध्ये रॅपरचा वाटा दुप्पट. म्हणून जाणकार सांगतात की वरच्या पानाची खरी चव घ्यायची तर बारीक सिगार घ्यावा. तो वळणंही अवघड. झाडाच्या शेंड्याकडचं जाड, जोरकस पान, ज्याला लिगेरो म्हणतात, ते सावकाश जळतं, त्यामुळे ते मधोमध ठेवावं लागतं. बारीक सिगारमध्ये त्याला जागाच कमी. हात जरा घट्ट पडला की हवा खेळत नाही आणि सिगार ओढला जात नाही. जाड सिगार असल्या चुका पोटात घालतो, बारीक सिगार घालत नाही.

इथपर्यंत सगळं ठीक. माझं भांडण इथून पुढे सुरू होतं.

'लहान सिगार' या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक वर सांगितलेली, अख्ख्या पानांची, हाताने वळलेली. दुसरी यंत्रावर लाखोंनी निघणारी. तिच्यात बहुधा तंबाखूचा चुरा असतो, आणि वरचं आवरण पुष्कळदा पान नसून तंबाखूच्या लगद्यापासून कागदासारखं लाटलेलं असतं. काहींना टोकाला फिल्टरही असतो, आणि सिगारेटसारखीच 20 ची पाकिटं. अमेरिकी कायद्यात सिगारेट आणि सिगार यांतला मूळ फरक आवरणाचा आहे. साध्या कागदात गुंडाळलं तर सिगारेट, तंबाखूच्या पानात किंवा तंबाखू मिसळलेल्या आवरणात गुंडाळलं तर सिगार. पांढरा कागद तपकिरी केला, त्यात थोडा तंबाखू कालवला, की वस्तूची जातच बदलते. कागदोपत्री.

या फटीतून उद्योग किती वेळा निसटला ते पाहा. 2 जानेवारी 1971 पासून अमेरिकेत रेडिओ आणि टीव्हीवर सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या. लगेच लहान सिगारच्या जाहिराती टीव्हीवर झळकायला लागल्या, कारण ते 'सिगारेट' नव्हते. 1973 मध्ये त्यांच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. पुढे 2009 मध्ये लहान सिगारवरचा केंद्रीय कर सिगारेटएवढा केला गेला. लहान कशाला म्हणायचं, तर ज्याचे 1000 नग 3 पौंडांपेक्षा जास्त भरत नाहीत त्याला, म्हणजे एक नग साधारण 1.36 ग्रॅमचा. मग कंपन्यांनी काय केलं? त्याच वस्तूचं वजन किंचित वाढवलं. ती वस्तू एका रात्रीत 'मोठा सिगार' झाली आणि तिला दुसरा, सोयीचा कर लागू झाला. ओढणाऱ्याला फरक कळलासुद्धा नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मेंथॉल सोडून बाकी सगळ्या स्वादांच्या सिगारेटवर तिथे बंदी आली, पण सिगार त्या बंदीत नव्हते. फळांच्या, व्हॅनिलाच्या स्वादाचे लहान सिगार विकायला मोकळे राहिले. ब्रिटनमध्ये 20 मे 2020 पासून मेंथॉल सिगारेट बंद झाली, आणि दुकानांत मेंथॉलचे सिगारिलो, म्हणजे बारीक छोटे सिगार, दिसू लागले. सिगारेटचं पाकीट तिथे 20 च्या खाली विकता येत नाही, सिगारिलोंचं 10 चं मात्र चालतं.

हे वाचताना मला अजूनही राग येतो. स्वाद कोणाला लागतो? तीस वर्षं सिगार ओढलेल्या माणसाला नाही लागत. तो लागतो पहिल्यांदाच ओढणाऱ्या पोराला, ज्याला तंबाखूचा ठसका सहन होत नाही.

आता शरीराचं. सिगारेटचा तंबाखू ज्या पद्धतीने सुकवतात त्यामुळे तिचा धूर आम्लधर्मी असतो. त्यातलं निकोटिन तोंडातून फारसं शोषलं जात नाही, म्हणून धूर छातीत ओढावा लागतो. सिगारचा तंबाखू हवेवर सुकवून आंबवलेला. त्याचा धूर अल्कधर्मी, घशाला बोचणारा, पण त्यातलं निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जातं. म्हणून मुरलेला सिगारवाला धूर तोंडात घोळवून सोडून देतो. त्याने तो सुरक्षित होत नाही. तोंड, जीभ, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका यांचे कर्करोग त्याच्या वाट्याला येतात, आणि रोज ओढणाऱ्याला ते जास्त. लाळेबरोबर तो धूर पोटातही उतरतोच.

पण जो सिगारेटवरून सिगारवर येतो, त्याचं काय? अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने 1998 मध्ये सिगार आणि आरोग्य यांवर एक मोठा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातली एक गोष्ट मला कोणीतरी तेव्हाच सांगायला हवी होती. ज्यांनी आधी सिगारेट ओढली आहे, ते सिगारचा धूरही छातीत घेण्याची शक्यता जास्त असते. सवय छातीची आहे. हातातली वस्तू बदलली म्हणून छाती बदलत नाही. आणि यंत्रावरचे फिल्टरवाले लहान सिगार तर आत घेण्याजोगेच सौम्य केलेले असतात.

माझं नेमकं हेच झालं. मी दिवसाला पंधरा सिगारेट ओढायचो, त्या बंद करून सिगारिलोवर आलो. पहिले काही आठवडे दिवसाला तीन. मग पाच. नंतर मोजणं सोडून दिलं, कारण मोजायची गरज 'सिगारेट'साठी होती आणि मी तर सिगारेट सोडली होती. तपासणीत डॉक्टरांनी विचारलं, "धूर आत घेता?" मी म्हणालो, "नाही, हे सिगार आहेत." मी खोटं बोलत नव्हतो. मला खरंच तसं वाटत होतं. त्याच रात्री बायकोशी बोलता बोलता एक ओढत होतो, आणि तिने मला मध्येच थांबवलं. म्हणाली, "तुझ्या बोलण्याबरोबर धूर बाहेर येतोय." झुरका मारून मी चार शब्द बोललो होतो आणि प्रत्येक शब्दामागे धुराची पट्टी होती. तोंडात धरलेला धूर एकदा सोडला की संपतो. हा धूर खालून येत होता. दीड वर्ष खालून येत होता, आणि मी स्वतःला अर्धा सुटलेला समजत होतो.

त्यानंतर मला पूर्ण सोडायला आणखी दहा महिने लागले. ते सोपं नव्हतं. दोनदा परत ओढलं. आज चार वर्षं आणि काही महिने झाले, काहीही ओढत नाही. संध्याकाळी कधीतरी हाताने वळलेल्या सिगारचा वास आला की अजून पाय घुटमळतात, हेही लिहून ठेवतो.

म्हणून लहान सिगारवर आलेल्यांना माझी कळकळीची विनंती आहे. आकार बघू नका, नाव बघू नका. दोन दिवस फक्त दोन गोष्टी बघा. किती झाले ते कागदावर लिहा, डोक्यात ठेवू नका. आणि झुरका मारल्यावर आरशासमोर उभं राहून मोठ्याने दहापर्यंत आकडे म्हणा, धूर कुठवर येतो ते कळेल.

त्या तिघांपैकी एकाला मागच्या आठवड्यात हे सांगितलं. तो जरा चिडला. "तुला माझं काही चांगलं झालेलं बघवत नाही का?" म्हणाला. मी काही बोललो नाही. परवा रात्री त्याचा फोन आला. कागदावर पहिल्या दिवशी नऊ होते, दुसऱ्या दिवशी अकरा. आकडे म्हणताना सातव्या आकड्यापर्यंत धूर दिसत होता. बराच वेळ आम्ही दोघं गप्पच होतो. मग त्याने विचारलं की मी सोडायला कोणत्या डॉक्टरांकडे गेलो होतो. सोमवारी सकाळची वेळ मिळाली आहे. मी त्याच्याबरोबर जातोय.