ऑक्सिजन पाण्यातूनच येतो, सर

सर, नमस्कार.

प्रकाशसंश्लेषणावरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही लिहिलंय, ‘झाड सोडतं तो सगळा ऑक्सिजन पाण्यातला, हे विधान चूक आहे. समीकरणात पाण्याचे 6 रेणू, म्हणजे ऑक्सिजनचे 6 अणू. बाहेर पडतात 12. उरलेले 6 कार्बन डायऑक्साइडमधूनच येणार.’ शिवाय प्रकाशसंश्लेषण आणि पेशीविभाजन या दोन धड्यांची मी खिचडी केली, आणि ‘झाडं रात्री श्वसन करतात’ असं लिहून मुलांची दिशाभूल केली, असंही तुमचं म्हणणं आहे.

शेवटचा आक्षेप मान्य. श्वसन दिवसरात्र चालतं. दिवसा प्रकाशसंश्लेषण जोरात असल्यानं ते झाकलं जातं, एवढंच. ऐरोलीत खाडीकाठी राहून मी असं लिहिलं याचं जास्त वाईट वाटतं. ओहोटीला तिवराची श्वासमुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली दिसतात. त्या चिखलात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच, म्हणून मुळांना तो वरून घ्यावा लागतो, भरदुपारीसुद्धा.

ऑक्सिजनबद्दलचं विधान मात्र मी मागे घेणार नाही. तुमची मोजणी अचूक आहे, अपुरं आहे ते समीकरण. पाण्याचे 12 रेणू खर्ची पडतात आणि 6 नव्यानं तयार होतात. दोन्ही बाजूंचे सहा-सहा वजा करून आपण फळ्यावर 6 लिहितो, आणि त्या वजाबाकीत खरी गोष्ट पुसली जाते. 12 रेणूंत ऑक्सिजनचे 12 अणू. तेच बाहेर पडतात. कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन साखरेत आणि नव्या पाण्यात जातो.

हा सुगावा लागला तो जीवाणूंमुळे. व्हॅन नील हे शास्त्रज्ञ जांभळ्या गंधक-जीवाणूंचा अभ्यास करत होते. हे जीवाणू उजेडात कार्बन डायऑक्साइडपासूनच अन्न बनवतात, पण पाण्याच्या जागी हायड्रोजन सल्फाइड वापरतात. (ओहोटीला खाडीपुलावर कुजक्या अंड्यासारखा वास येतो ना, त्यात हाच वायू असतो.) त्यातून गंधक उरतं, ऑक्सिजन मुळीच निघत नाही. कार्बन डायऑक्साइड फुटून ऑक्सिजन मिळत असता, तर तो इथेही मिळायला हवा होता! पुढे 1941 मध्ये रूबेन आणि कामेन यांनी सहकाऱ्यांबरोबर क्लोरेला या एकपेशीय शैवालाला ऑक्सिजन-18 हा जड ऑक्सिजन मिसळलेलं पाणी दिलं. निघालेल्या वायूत जड ऑक्सिजनचं प्रमाण पाण्यातल्या प्रमाणाशी जुळलं. जड ऑक्सिजन पाण्याऐवजी कार्बोनेटमधून, म्हणजे शैवालाला कार्बन डायऑक्साइड पुरवणाऱ्या क्षारातून दिला, तेव्हा ते कार्बोनेटशी जुळलं नाही.

आता खिचडीबद्दल. दोन्ही धडे एकत्र आणले ते मुद्दाम. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या नववी-दहावीच्या मुलांना हरितलवक पाठ असतं, सूत्री विभाजनाच्या चारही अवस्था पाठ असतात, पण ‘नवी पेशी बनायला माल कुठून येतो?’ असं विचारलं की बहुतेक जण ‘मातीतून’ म्हणतात. क्षार मातीतून येतात हे खरं, पण पेशीभित्तिकेचं सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजची साखळी, आणि त्यातला कार्बन हवेतला.

म्हणून मी कांदा घेते. वाशीच्या मार्केटमधून आलेला साधा कांदा पाण्याच्या ग्लासवर टेकवून बंद कपाटात ठेवायचा. तीन-चार दिवसांत पांढरी मुळं फुटतात. मुळाचं टोक रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की विभागणाऱ्या पेशी सापडतात. 16 गुणसूत्रांची प्रत तयार होऊन दोन्ही पेशींना सोळा-सोळा मिळतात. तिथे उजेड नाही, हरितद्रव्य नाही, माती तर नाहीच. मग हे कशावर चाललंय? मुलं कांदा दाबून पाहतात. आठवड्याभरात तो मऊ पडू लागलेला असतो. शेतात असताना हिरव्या पातीनं उन्हात केलेली साखर त्याच्या पाकळ्यांत साठलेली होती, तीच आता मुळांच्या टोकाशी खर्च होते आहे. मागच्या आठवड्यात एक मुलगी म्हणाली, ‘म्हणजे ताई, हे ऊन जुनं आहे.’ हे दोन धडे वेगळे ठेवले असते, तर तिला हे सुचलं नसतं असं मला मनापासून वाटतं.

श्वसनाचं वाक्य मी आज दुरुस्त केलं आहे: ‘झाडं दिवसरात्र श्वसन करतात, प्रकाशसंश्लेषण मात्र उजेडातच.’ आणि पूर्ण समीकरण, 12 रेणूंचं, लेखात खाली जोडलं आहे. ते एकदा तपासून द्याल का?