‘ऑडिट झालंय’ म्हणजे नेमकं काय झालंय?

मोठ्या संस्थेच्या आमसभेत कुणी पैशांबद्दल विचारलं की व्यासपीठावरून उत्तर येतं, “ऑडिट झालंय.” आणि विषय संपतो. गोव्यात तरी तो तिथे संपू देऊ नये, असं मला कळकळीने वाटतं.

महाराष्ट्रात सार्वजनिक ट्रस्टांवर देखरेख ठेवायला 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्त आहे. आपल्याकडे तो कायदा लागूच नाही. देवस्थानांवर पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्याने मामलेदाराची देखरेख असते. पण इस्पितळं, शाळा, वृद्धाश्रम चालवणाऱ्या बाकीच्या संस्था 1860 च्या सोसायटी कायद्याखाली किंवा साध्या ट्रस्ट डीडवर (विश्वस्त करारपत्रावर) चालतात. निबंधकाकडे, म्हणजे सोसायट्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, कागद दाखल होतात, आयकर खातं करसवलतीपुरतं बघतं. म्हणजे खरी राखण सभासदांनीच करायची.

ऑडिटर हिशेब बरोबर मांडलाय का, हे सांगतो. डायलिसिस मशीनसाठी गोळा केलेला पैसा डायलिसिसवरच गेला का, हे त्याच्या एका सहीवरून कळत नाही. ते ताळेबंदात शोधावं लागतं. डाव्या बाजूला ‘इअरमार्क्ड फंड’, म्हणजे ठरावीक कामासाठी राखलेले निधी, बघा: इमारत निधी, शिष्यवृत्ती निधी, रुग्णवाहिका निधी. समजा, त्यांची बेरीज 40 लाख आहे. आता उजव्या बाजूला बँक शिल्लक आणि मुदत ठेवी मिळून 11 लाखच असतील, तर उरलेले 29 लाख दुसरीकडे लागलेत. शिवाय ठेवीवर ओव्हरड्राफ्ट (ठेव तारण ठेवून बँकेकडून घेतलेली उचल) काढलाय का, तेही बघा. तो डावीकडे ‘सुरक्षित कर्ज’ म्हणून बसलेला असतो.

असं होतं तेव्हा दर वेळी कुणी पैसे खाल्लेले असतात असं नाही. सरकारी अनुदान रखडतं, पगार अडतात, खजिनदार इमारत निधीतून दोन महिने निभावून नेतो. अनुदान आल्यावर ते परत भरायचं राहून जातं, कारण ठराव नसतो आणि परतफेडीची तारीखही नसते. उसनवारी करायचीच तर आधी कार्यकारिणीचा ठराव हवा, त्यात रक्कम आणि मुदत हवी, आणि वार्षिक हिशेबाच्या टिपांमध्ये ती छापलेली हवी.

खरेदीच्या फायलीत तीन कोटेशन्स असतातच. ती शेजारी शेजारी ठेवून बघा. तिन्ही एकाच तारखेची, मजकूर तोच, एकाच ठिकाणी तीच चूक, मग ती एकाच टेबलावर तयार झालेली असण्याचा संशय घ्यायलाच हवा. पुरवठादार विश्वस्ताचा नातेवाईक असणं गुन्हा नाही. पण त्या विश्वस्ताने नातं लेखी कळवून मतदानाच्या वेळी बाहेर जायला हवं, आणि दर बाजारभावाचा हवा. विश्वस्तांच्या घरच्यांना वाजवीपेक्षा जास्त लाभ दिला तर त्या रकमेवरची करसवलत धोक्यात येते.

चेकवर दोन सह्या लागतात, हे सगळे अभिमानाने सांगतात. नेटबँकिंगचं कोण बघतं? नोंद करणारा आणि मंजुरी देणारा असे दोन वापरकर्ते असले तरी दोघांचे ओटीपी ऑफिसातल्या एकाच मोबाइलवर येत असतील, तर ती एकच सही झाली. देणगीचा क्यूआर कोडही संस्थेच्याच खात्याचा हवा, चवथीच्या घाईतसुद्धा.

व्यवस्थापन खर्च कमीत कमी हवा, हा आग्रह मात्र मला पटत नाही. विदेशी देणग्यांतून करायच्या अशा खर्चावर 2020 पासून 20 टक्क्यांची मर्यादा कायद्यानेच आहे, ती पाळावीच लागते. पण कोट्यवधींची उलाढाल असताना पूर्णवेळ हिशेबनीस न नेमणं ही बचत नव्हे.

सोसायटी कायद्याच्या कलम 4 प्रमाणे आमसभेनंतर 14 दिवसांत कार्यकारिणीची यादी निबंधकाकडे जाते, आणि कलम 19 प्रमाणे दाखल कागद फी भरून कुणालाही बघता येतात. गेल्या तीन वर्षांच्या याद्या मागा आणि संस्थेच्या इतिवृत्ताशी नावं ताडून बघा. निवडणुकीत माणसं बदलली, पण निबंधकाकडे जुनीच नावं असतील, तर बँकेत आज सह्या कुणाच्या चालतात, हे पुढच्या आमसभेत लेखी विचारा.